पिकावरचे सौरछत : सेंद्रिय सौरघटांची रचना आणि प्रकाशाची वाटणी

'सेंद्रिय' हा शब्द वाचताच आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर शेणखत, गांडूळखत आणि निंबोळी अर्क येणे स्वाभाविक आहे. या लेखात तो शब्द रसायनशास्त्रातील अर्थाने आला आहे. कार्बनच्या साखळ्यांनी आणि कड्यांनी बनलेल्या संयुगांना रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणतात. अशा विशिष्ट संयुगांचा, माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असा थर प्लास्टिकच्या फिल्मवर किंवा काचेवर पसरून जो सौरघट तयार होतो, तो सेंद्रिय सौरघट. तो वजनाला हलका असतो, वाकवता येतो, आणि शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो अर्धपारदर्शक बनवता येतो. पॉलिहाऊसच्या छतावर हा घट बसवून खाली पीक आणि वर वीज अशी दुहेरी प्राप्ती साधता येईल का, या प्रश्नावर जगभर काम सुरू आहे.

कीटकशास्त्रज्ञाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न पडू शकतो. छतातून येणाऱ्या प्रकाशाचे वाटेकरी दोन मानले जातात, सौरघट आणि पीक. प्रत्यक्षात तिसरा वाटेकरीही आहे, तो म्हणजे कीटक. सौरघटाचा पदार्थ रचताना या तिसऱ्याचा विचार क्वचितच होतो आणि म्हणून हा लेख.

दिल्लीत या विषयाचे दोन्ही धागे योगायोगाने शेजारी आहेत. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा परिसरात संरक्षित शेतीचे केंद्र आहे, तेथे पॉलिहाऊसमधील भाजीपाला व फुलपिकांवर काम चालते. त्याला लागून असलेल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सेंद्रिय सौरघटांच्या पदार्थांवर संशोधन झाले आहे. दोन्ही संस्थांचा पिनकोडही एकच, ११००१२. दोन्ही विषय मात्र आपापल्या कुंपणात वाढले.

आज शेतात दिसणारे सौर पॅनेल सिलिकॉनचे आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॅट क्षमतेच्या प्रकल्पात पॅनेलच्या रांगांमधील मोकळ्या पट्ट्यांत मूग, मटकी अशी पिके घेऊन पाहिली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारातही कृषी-सौर प्रकल्प उभा आहे. या साऱ्यांत एक मर्यादा समान आहे. सिलिकॉन अतिनील किरणांपासून ते निकट-अवरक्त किरणांपर्यंत, म्हणजे सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा सर्वच प्रकाश शोषून घेते. त्यामुळे पॅनेलखाली सावली पडते आणि रांगांत अंतर ठेवून किंवा पॅनेल उंचावर चढवून आपण त्या सावलीशी तडजोड करतो. सिलिकॉनला 'हा रंग घे, तो सोड' असे सांगता येत नाही. सेंद्रिय रेणूंना ते सांगता येते. त्यांच्यावर एवढे कष्ट घेतले जातात, त्यामागचे हेच कारण आहे.

गाजरापासून सौरघटापर्यंत

रेणूचा रंग कसा ठरतो, हे समजण्यासाठी गाजर पुरेसे आहे. पुसा रुधिरा या वाणाचा लाल रंग मुख्यतः लायकोपीनमुळे येतो, तर नारिंगी गाजराचा रंग बीटा-कॅरोटीनमुळे. दोन्ही रेणूंत कार्बनची लांब साखळी असते आणि तिच्यात एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात. अशा सलग दुहेरी बंधांची संख्या दोन्हींत ११ आहे. मग रंग वेगळा का? लायकोपीनची साखळी टोकापर्यंत सपाट आहे. बीटा-कॅरोटीनच्या टोकांना कडी आहेत आणि ती थोडी पिळलेली असतात. पीळ पडला की इलेक्ट्रॉनांचा साखळीभरचा मुक्त संचार तेवढा कमी होतो, रेणू किंचित कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि लाल छटा नारिंगीकडे झुकते.

सौरघटाचा पदार्थ रचणारा रसायनशास्त्रज्ञ हेच तत्त्व वापरतो. साखळी जितकी सपाट आणि सलग, तितका शोषणाचा पट्टा लाल व अवरक्ताच्या दिशेने सरकतो. त्याला दुसरी जोड दिली जाते. रेणूच्या मध्यभागी इलेक्ट्रॉन सहज देणारा गट आणि टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे गट बसवले, की या ओढाताणीने शोषण आणखी पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त भागात जाते. रेणूला बाजूने जोडलेल्या शाखा विद्राव्यता ठरवतात. शाखा फार लहान असल्या तर पदार्थ द्रावणात विरघळत नाही व शाईसारखा छापता येत नाही. फार मोठ्या असल्या तर रेणू एकमेकांजवळ नीट रचले जात नाहीत आणि विद्युतप्रवाह अडतो.

केवळ प्रकाश शोषला म्हणून वीज मिळत नाही. सिलिकॉनमध्ये प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन जवळजवळ मोकळा होतो. सेंद्रिय पदार्थात मात्र तो आपल्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेशी बांधलेला राहतो. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती साधारण १० नॅनोमीटर अंतर सरकते आणि तेवढ्यात वेगळी झाली नाही तर विझून जाते, शोषलेली ऊर्जा उष्णता बनून वाया जाते.

ट्रायकोग्रामा सोडणाऱ्यांना ही अडचण लगेच कळेल. हा चिमुकला परोपजीवी कीटक कार्डापासून काही मीटरच जातो. म्हणून आपण संपूर्ण ट्रायकोकार्ड शेताच्या एका कोपऱ्यात टांगत नाही. त्याचे तुकडे करून ठिकठिकाणी पानांच्या खालच्या बाजूस टाचतो. सेंद्रिय सौरघटातही इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, म्हणजे दाता, आणि घेणारा पदार्थ, म्हणजे ग्राही, यांचे दोन वेगळे जाड थर चालत नाहीत. दोघांचे बारीक मिश्रण करावे लागते, जेणेकरून कोठेही तयार झालेल्या एक्सायटॉनला १०-२० नॅनोमीटरच्या आत दोघांची सीमा भेटावी. शिवाय सुटलेल्या इलेक्ट्रॉनला विद्युतअग्रापर्यंत सलग वाट हवी. मिश्रण इतके बारीकही नको की वाटच तुटावी.

या शास्त्राची वाटचाल थोडक्यात अशी. १९८६ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी दोन थरांचा घट मांडला, त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. १९९५ मध्ये अॅलन हीगर यांच्या गटाने दाता-ग्राही मिश्रणाची कल्पना प्रत्यक्षात आणली. वीजवाहक बहुवारिकांवरील कामासाठी हीगर यांना दोन सहकाऱ्यांसह २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे बराच काळ ग्राही म्हणून फुलरीन, म्हणजे चेंडूच्या आकाराचे कार्बनचे रेणू, वापरले गेले. त्यांची उणीव अशी की दृश्य प्रकाश ते फारसा शोषत नाहीत आणि त्यांचा शोषणपट्टा हवा तसा हलवता येत नाही. २०१५ च्या सुमारास फुलरीनऐवजी लांबट, सपाट रेणू आले आणि २०१९ मध्ये चीनमधील चांगशा येथील यिंगपिंग झोउ यांच्या गटाने 'वाय६' हा ग्राही रेणू मांडला. त्याने १५.७ टक्के कार्यक्षमता गाठली. त्याच घराण्यातील रेणूंनी आता प्रयोगशाळेत २० टक्क्यांच्या आसपास मजल मारली आहे. हे आकडे नखाएवढ्या घटांचे असतात, हे विसरू नये. मोठ्या फिल्मवर ते बरेच खाली येतात.

पिकासाठी सोयीचा रेणू

शेतीच्या दृष्टीने वाय६ चे महत्त्व त्याच्या विक्रमात नाही, त्याच्या शोषणपट्ट्यात आहे. तो साधारण ९३० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषतो आणि त्याचा सर्वाधिक जोर ८०० च्या पुढे-मागे आहे. वनस्पतीचे प्रकाशसंश्लेषण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशावर चालते. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा ७०० च्या पलीकडे, म्हणजे अवरक्त भागात असते. पिकाला तिचा संश्लेषणासाठी उपयोग नाही. मे महिन्यात दिल्लीचे तापमान ४५ अंशांकडे जाते तेव्हा ती पॉलिहाऊसमधील उष्म्यात भरच घालते. ग्राही रेणूने हा भाग घ्यावा आणि दृश्य भाग पिकाला सोडावा, असा हा तर्क आहे.

अडचण दात्याची आहे. वाय६ बरोबर वापरला जाणारा 'पीएम६' हा बहुवारिक मुख्यतः ५०० ते ६५० नॅनोमीटरमध्ये शोषतो, म्हणजे थेट पिकाच्या ताटातले घेतो. यावर उपाय म्हणून मिश्रणात दात्याचे प्रमाण घटवतात. त्यामुळे पारदर्शकता वाढते आणि वीज काहीशी घटते. दात्याने केवळ हिरवा प्रकाश घ्यावा व निळा आणि लाल सोडावा, अशीही सूचना केली जाते. पण हिरवा प्रकाश पिकाला निरुपयोगी असतो, हा समज अर्धवट आहे. तो पानात खोलवर आणि छताखालच्या पानांपर्यंत पोहोचतो व तेथे वापरला जातो.

प्रत्यक्ष पिकांवरचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २०२१ मध्ये लाल पानांचे लेट्यूस सेंद्रिय सौरघटांसारख्या प्रकाशगाळण्यांखाली वाढवले. उघड्या प्रकाशातील झाडांच्या तुलनेत वजनात लक्षणीय घट आढळली नाही. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने अर्धपारदर्शक घटांच्या छोट्या प्रायोगिक गृहांत मूग, गहू आणि ब्रोकोली वाढवली. त्यांच्या घटाची कार्यक्षमता १३.५ टक्के व सरासरी दृश्य पारगमन २१.५ टक्के होते. घटात ग्लुटाथायोन या नैसर्गिक ऑक्सिडीकरणरोधकाचा थर घातल्याने सुमारे १००० तासांच्या सलग प्रकाशानंतरही मूळ कार्यक्षमतेच्या जवळपास ८५ टक्के टिकून राहिली.

यातील 'सरासरी दृश्य पारगमन' या शब्दांपाशी विस्तार कार्यकर्त्यांनी थोडे थांबावे. हा आकडा माणसाच्या डोळ्याच्या संवेदनक्षमतेनुसार काढतात. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, म्हणून त्या भागाला हिशेबात जास्त वजन मिळते. इमारतीच्या खिडकीसाठी हे योग्य आहे. पीक मात्र डोळ्यांनी पाहत नाही आणि कीटक आपल्या डोळ्यांनी पाहत नाहीत. २१.५ टक्के पारगमनाचे दोन घट निळ्या, लाल आणि अतिनील भागांत एकमेकांपासून पूर्ण भिन्न असू शकतात, आणि त्यांखालचे पीक व कीड दोन्ही वेगळी वागतील.

कीटकाच्या डोळ्यातून

मधमाशीच्या डोळ्यात तीन प्रकारचे प्रकाशग्राहक असतात. त्यांची सर्वाधिक संवेदना अनुक्रमे ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अतिनील, निळा आणि हिरवा. लाल रंग तिला जवळपास दिसत नाही. त्याच्या बदल्यात आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तिला दिसतो. पांढरी माशी, फुलकिडे, मावा या किडींच्या बाबतीतही अतिनील प्रकाश निर्णायक असतो. पांढरी माशी अतिनील व निळ्या प्रकाशाने उड्डाणास प्रवृत्त होते आणि पिवळ्या रंगावर उतरते. पिवळ्या चिकट सापळ्यांचे सारे तंत्र या दुसऱ्या अर्ध्यावर उभे आहे. पहिला अर्धा आपण फारसा वापरत नाही.

इस्रायलमध्ये तो वापरला गेला. येहेझ्केल अँटिग्नस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात टोमॅटोवर अतिनील किरण शोषणाऱ्या फिल्मचे आच्छादन घालून पाहिले. सामान्य फिल्मच्या तुलनेत पांढऱ्या माशीचा शिरकाव आणि तिच्यामार्फत पसरणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूचे प्रमाण ठळकपणे घटले. छतातून अतिनील प्रकाश येत नसेल तर आतील जागा किडीला जणू अंधारी वाटते. ती आत येण्याचे टाळते आणि आली तरी झाडाझाडांवर पसरण्याचा तिचा वेग मंदावतो. विषाणूजन्य रोगांत हा दुसरा परिणाम फार मोलाचा आहे, कारण तेथे माश्यांच्या संख्येपेक्षा त्यांची ये-जा अधिक नुकसान करते. कॅलिफोर्नियाच्या प्रयोगातील मूग आपल्याकडे पिवळ्या मोझॅकने पिवळा पडतो, तोही पांढऱ्या माशीमुळेच.

येथे एक नेहमीचा घोटाळा दूर करायला हवा. बाजारातील 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' फिल्म अतिनील किरण अडवते, असे अनेक शेतकरी समजतात. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की ती फिल्म अतिनील किरणांनी लवकर फाटत नाही. किरण अडवणारी फिल्म वेगळी असते आणि तिच्यासाठी वेगळी मागणी करावी लागते.

सेंद्रिय सौरघटाच्या बाबतीत या सगळ्याचा लाभ आपोआप मिळण्याची शक्यता आहे. अतिनील किरण या घटांचे शत्रू आहेत. घटात वापरला जाणारा झिंक ऑक्साइडचा थर अतिनील प्रकाशात उत्तेजित होऊन वाय६ सारख्या रेणूंचे दुहेरी बंध तोडतो. म्हणून घटाचे आयुष्य वाढवण्यासाठी वरच्या बाजूस अतिनील गाळणारा थर देतात. पदार्थशास्त्रज्ञासाठी तो केवळ संरक्षक आवरण आहे. कीटकशास्त्राच्या दृष्टीने तोच थर पांढऱ्या माशीविरुद्धचे साधन आहे, आणि तो ३६० नॅनोमीटरपर्यंत अडवतो की ३९० पर्यंत, या ३० नॅनोमीटरच्या फरकावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आणखी एक लाभ. घाटेअळीचा विषाणू एचएएनपीव्ही किंवा बिव्हेरियासारखी मित्रबुरशी सायंकाळी फवारा, असा सल्ला आपण देतो, कारण उन्हातील अतिनील किरणांनी त्यांची क्षमता झपाट्याने घटते. अतिनील अडवणाऱ्या छताखाली ही जैविक कीडनाशके पानांवर अधिक काळ क्रियाशील राहतील.

आता दुसरी बाजू. मधमाश्या आकाशातील ध्रुवित अतिनील प्रकाशाच्या आधारे दिशा ठरवतात; कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडले आणि १९७३ चे नोबेल त्यांना मिळाले. फुलांवरील अनेक खुणाही त्यांना अतिनील प्रकाशातच दिसतात. छताने तो पूर्ण अडवला तर पेटीतून बाहेर पडलेल्या माश्या गोंधळू शकतात. म्हणून येथे सर्वांसाठी एकच उत्तर नाही. परागीकरणाविना फळ धरणारी काकडी किंवा ढोबळी मिरची असेल तर अतिनील पूर्ण अडवणारे छत चालेल. खरबूज किंवा स्ट्रॉबेरी असेल तर अतिनीलचा काही भाग आत सोडणारा पट्टा ठेवावा, किंवा फुलोऱ्याच्या काळात बाजूचे पडदे उघडण्याची सोय असावी. परोपजीवी मित्रकीटकांवरील परिणाम जातीनुसार बदलतो, तेव्हा ते सोडण्यापूर्वी लहान प्रमाणावर चाचणी घेतलेली बरी.

दिल्लीच्या हवामानात

अवरक्त भाग घेणाऱ्या रेणूचा एक अनपेक्षित परिणामही लक्षात ठेवावा. ७०० ते ७५० नॅनोमीटरचा दूर-लाल प्रकाश संश्लेषणात फारसा येत नसला तरी झाड त्यावरून शेजाऱ्याची सावली ओळखते. लालच्या तुलनेत दूर-लाल कमी झाला तर झाडे बुटकी व आटोपशीर राहतात. रोपवाटिकेत हे हवेच असते. काही फुलपिकांत मात्र फुलोरा लांबू शकतो.

ऋतूचा प्रश्न याहून कठीण आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपण तसेही ३५ ते ५० टक्क्यांचे शेडनेट लावतोच, तेव्हा छताने काही प्रकाश घेतला तर बिघडत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, सोनिपत, मेरठ या पट्ट्यात धुके व धूर मिळून सूर्य दिवसदिवस फिका असतो. त्या काळात दृश्य प्रकाशाचा पाचवा हिस्साच आत सोडणारे संपूर्ण छत फळभाज्यांना परवडणार नाही. माझ्या मते उत्तर भारतात संपूर्ण छताऐवजी एक-तृतीयांश भागावर पट्टे, तेही गुंडाळता येतील असे, हाच व्यवहार्य आराखडा आहे. १० गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण १००० चौरस मीटरच्या पॉलिहाऊसचा कागदावरचा हिशेब पाहा. एक-तृतीयांश छतावर ८ टक्के कार्यक्षमतेची फिल्म असेल, तर भर दुपारी सुमारे २६ किलोवॅट वीज मिळेल. तेवढ्याच जागेत २० टक्क्यांचे सिलिकॉन ६६ किलोवॅट देईल, पण खाली गडद सावली पाडेल. केवळ वीज हवी असेल तर सिलिकॉन शेडच्या पत्र्यावर बसवावे, यात शंका नाही.

'पारदर्शक सोलर पॅनेल' या नावाने सध्या जे विकले जाते, ते बहुधा दोन काचांमध्ये अंतर ठेवून बसवलेले नेहमीचे सिलिकॉन घट असतात. ते वाईट नाहीत, पण प्रकाशाची निवड ते करत नाहीत. ते केवळ ठिपक्यांची सावली देतात. कोणी सेंद्रिय घटांची फिल्म घेऊन आला, तर त्याच्याकडे ३०० ते ८०० नॅनोमीटरपर्यंतचा पारगमन-आलेख मागावा, एका सरासरी आकड्यावर समाधान मानू नये. कार्यक्षमता किती क्षेत्रफळाच्या घटावर मोजली आणि उघड्या उन्हात किती महिन्यांनी ती किती उरली, हेही लेखी घ्यावे. गंधकाची धुरी व गंधकयुक्त फवारण्यांनी साध्या पॉलिफिल्मचेही आयुष्य घटते, म्हणून फिल्मच्या कडा हवाबंद आहेत का, ते पाहावे. या घटांत शिसे नसते, ही पेरोव्हस्काइट घटांच्या तुलनेत अन्नपिकांसाठी जमेची बाजू आहे. मात्र त्यांतील अनेक रेणूंत फ्लोरिन असते, तेव्हा फाटलेली फिल्म बांधावर टाकून किंवा जाळून चालणार नाही, ती परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यावर हवी.

जेथे चाचणीची संधी मिळेल, तेथे एकाच पॉलिहाऊसमध्ये तीन वाफे पुरेत: साधी फिल्म, अतिनील अडवणारी फिल्म आणि सौरफिल्म. प्रत्येक वाफ्यात पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगावेत, आठवड्यातून एकदा पांढऱ्या माश्या मोजाव्यात आणि विषाणूची लक्षणे दाखवणारे पहिले झाड कोणत्या तारखेला दिसले, ते लिहून ठेवावे. उत्पादनाचे वजन आणि विजेचे युनिट यांची नोंद कोणीही ठेवेल. या तिसऱ्या नोंदीवाचून पदार्थ रचणाऱ्यांना आपली गरज सांगता येणार नाही.